एकच रेघ

चौथा थेंब पडला की नाही, याची सुरुचीला खात्री वाटेना. तिने प्लास्टिकची नळी उभी धरली, श्वास रोखला आणि अगदी हलकं दाबलं. कोरोनाच्या या टेस्ट घरी करायची वेळ आली, तेव्हा तिने वापरलेल्या नळीत पाणी भरून तळहातावर सराव केला होता. किती दाबलं की एक थेंब सुटतो, हे आता बोटांना पाठ होतं. पण आज बोटंच नीट वागत नव्हती. पाचवा पडला असेल तर पडू दे, असं मनाशी म्हणत तिने नळी ताटलीत, टेस्टच्या पट्टीशेजारी ठेवली आणि फोनला पंधरा मिनिटांचा गजर लावायला सांगितलं.

घसा सकाळपासून खवखवत होता. खरं तर कालपासूनच, पण काल तिने त्याचं खापर लोणच्यावर फोडलं होतं.

"लावलास गजर?" लताबाईंनी सिंकजवळून विचारलं.

"हो, आई."

"मग तोवर चहा घे. आलं घातलंय."

चहा ओतल्याचा आवाज आला, कप भरत आला आणि शेवटी नेहमीसारखं लताबाईंचं बारीकसं "स्स" ऐकू आलं. सासूबाईंना चहा ओतताना हे रोज होई. घाई फार करतात, असं सुरुचीला वाटे.

सुरुचीचा नवरा यतिन पंधरा दिवसांसाठी दुसऱ्या राज्यातल्या पॅरामॅटाच्या ऑफिसात गेला होता. तिथे पोचल्यावर तिसऱ्या दिवशी तो पॉझिटिव्ह निघाला आणि आता एका खोलीत अडकून पडला होता. निघायच्या आदल्या रात्री त्याने सुरुचीबरोबर एकाच चमच्याने आइसक्रीम खाल्लं होतं. तेव्हापासून परदेशातल्या, वेरिबी उपनगरातल्या या घरात रोज सकाळी एक टेस्ट होत होती आणि दोघी बायका पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून इकडची तिकडची बोलत होत्या. सुरुचीला स्वतःची भीती नव्हती. ती अडतीस वर्षांची होती, तब्येतीने ठणठणीत. भीती होती ती समोर चहा ओतणाऱ्या एकाहत्तर वर्षांच्या बाईसाठी. त्यांचं बायपास होऊन चार वर्षं झाली होती, आणि दमा तर त्याच्याही आधीपासूनचा सोबती.

टेस्टची किट कुठल्याच केमिस्टकडे मिळत नव्हती. यतिनने जाण्यापूर्वी मिळवलेल्या डब्यात आजचं धरून दोन उरली होती. हेल्पलाइनवरच्या मुलीने सांगितलं होतं, गाडीत बसूनच टेस्ट करतात त्या ड्राइव्ह-थ्रूला जा, तीन तासांत नंबर लागेल. सुरुचीने विचारलं, गाडी चालवता येत नसेल तर? मुलगी म्हणाली, कुणाला तरी घेऊन जायला सांगा. सुरुचीने पुन्हा विचारलं, बाधिताच्या घरच्यांनी तर कुणाच्या गाडीत बसायचं नाही ना? मग मुलीने एका वेबसाइटचा पत्ता दिला. ती वेबसाइट उघडली, तर सुरुचीच्या कॉम्प्युटरने "चित्र, चित्र, बटण, बटण" एवढंच वाचून दाखवलं. सुरुचीचं कामच ते होतं. कंपन्यांच्या वेबसाइट न दिसणाऱ्यांना वापरता येतात का, हे ती तपासायची. तिने त्या खात्याला दीड पानाची ईमेल लिहिली. उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

किटमधला कागदही नऊ भाषांत होता म्हणे. तिला वाचता येईल अशी त्यात एकही सोय नव्हती. आणि या सगळ्या खटाटोपाच्या शेवटी उत्तर येणार ते कसं, तर बोटाच्या नखाएवढ्या खिडकीत उमटलेल्या रेघांनी. एक रेघ म्हणजे ठीक, दोन म्हणजे नाही. न आवाज, न उठाव.

सुरुवातीला ती फोनवरच्या एका ॲपची मदत घेत असे. बटण दाबलं की देशाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातला अनोळखी माणूस फोनवर येई, तिच्या कॅमेऱ्यातून बघे आणि दूध कुठल्या तारखेपर्यंत चालेल ते सांगे. लताबाईंना ते मुळीच पटलं नव्हतं.

"घरात माझे डोळे असताना परक्या माणसाला कशाला विचारायचं?" त्या एकदा म्हणाल्या होत्या. आवाज दुखावलेला होता. "बत्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात मी. मला एक रेघ आणि दोन रेघा कळत नाहीत होय?"

तेव्हापासून सुरुचीने ते ॲप उघडलं नव्हतं. लताबाई दोन वर्षांपूर्वी तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि साथीत देशाच्या सीमा बंद झाल्यामुळे इथेच राहिल्या. ना शेजार, ना मैत्रिणी, ना रस्त्यावर कुणी ओळखीचं. सुनेला काहीतरी वाचून दाखवताना मात्र त्यांचा आवाज पुन्हा वर्गात उभा राहिल्यासारखा ताठ होई. तो आनंद हिरावून घ्यायचं सुरुचीच्या जिवावर आलं.

गजर वाजला.

लताबाई हात पुसत आल्या. ताटली उचलल्याचा आवाज झाला, पावलं खिडकीपर्यंत गेली. सुरुचीने टेबलाची कड घट्ट धरली.

"एकच," लताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज समोरून न येता जरा बाजूने आला, जणू त्या भिंतीशी बोलत होत्या. "एकच रेघ आहे गं. छान."

"नक्की ना?"

"आता काय शपथ घेऊ?"

सुरुची हसली. पण हसताना घशात पुन्हा टोचलं आणि हसणं तिथेच अडलं. तिने ताटली मागून घेतली, पट्टी कचऱ्यात टाकते म्हणाली आणि बेडरूममधून आतल्या बाथरूममध्ये गेली. दार लावलं. एक्झॉस्ट फॅन सुरू केला. आपल्याच घरात चोरी करायला आल्यासारखं तिला वाटत होतं. टेस्ट वाचायची मुदत संपायला अजून दहाएक मिनिटं होती. त्यानंतरचा निकाल धरायचा नसतो. तिने बेसिनच्या काठावर ताटली ठेवली आणि ते ॲप उघडलं.

"हॅलो, केव्हिन बोलतोय," एक म्हातारा, सावकाश बोलणारा आवाज आला. "काय बघायचंय?"

सुरुचीने इंग्रजीत, दबक्या आवाजात सांगितलं. केव्हिनने फोन थोडा वर धरायला लावला, मग डावीकडे, मग खिडकीकडे वळायला सांगितलं.

"टू लाइन्स, लव्ह," तो इथल्या म्हाताऱ्यांच्या लडिवाळ सवयीने म्हणाला. "दुसरी पुसट आहे, पण आहे. मी चष्मा लावून दोनदा पाहिली. सॉरी."

तिने त्याचे आभार मानले, असं तिला नंतर आठवलं. मग ती कमोडच्या झाकणावर बसून राहिली. काल दुपारी दोघींनी एका ताटलीत आंबा खाल्ला होता. बाठा कोणी चोखायचा यावरून लुटूपुटूचं भांडण झालं होतं आणि शेवटी तो लताबाईंनी चोखला होता, सुरुचीने आधी दोनदा चोखल्यावर. परवा त्यांच्या केसांना तिने तेल लावून दिलं होतं, अर्धा तास, अगदी जवळ बसून. कालचीही एकच रेघ. परवाचीही. एकेक करून त्या सगळ्या रेघा आता खोट्या वाटायला लागल्या, आणि भीतीच्या आधी तिला भयंकर राग आला.

तिने हात धुतले, मास्क चढवला आणि बेडरूमचं दार आतून लावून घेतलं.

"आई!"

"काय गं?"

"दाराजवळ येऊ नका. तिथेच थांबा. दोन रेघा आहेत."

पावलं थांबली.

"एकच होती. मी पाहिली ना आत्ता."

"फोनवरच्या माणसाला दाखवली मी. दुसरी पुसट आहे, पण आहे."

"म्हणजे त्या परक्याला विचारलंस."

"हो, विचारलं! बरं झालं विचारलं. आई, तुमचं बायपास झालंय, दमा आहे. कालचा तो आंबा... तुम्ही नुसतं नीट पाहिलं असतंत ना, तर कालपासूनच मी या खोलीत असते."

सुरुचीला आपलं वाक्य कानावर पडलं आणि ते परत घ्यावंसं वाटलं. पण ते घेण्याआधी लताबाई बोलल्या, आणि बोलल्या त्या भलतंच काहीतरी.

"यतिनला आत्ता नको फोन करूस. सव्वानऊ झालेत. मीटिंग असते त्याची."

"फोन माझ्याकडे आहे. तुम्हाला कसं कळलं सव्वानऊ?"

"समोर भिंतीवर घड्याळ दिसतंय की मला."

सुरुचीने फोनला वेळ विचारली. नऊ वाजून चौदा मिनिटं. लताबाईंची वेळ अगदी बरोबर होती, पण ती त्यांनी नऊच्या गजरावरून ताडली असणार; घड्याळात बघून नव्हे.

हॉलमधलं ते घड्याळ मंगळवारी बंद पडलं होतं. संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या आणि त्याच वेळी त्याची टिकटिक थांबली, हे फक्त तिच्याच कानांना कळलं होतं. यतिन परत आला की त्याला सेल बदलायला सांगायचं, असं तिने मनात टिपून ठेवलं होतं. लताबाई गेले तीन दिवस त्या घड्याळासमोर बसून भाजी चिरत होत्या आणि त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

मग बाकीचं एकामागोमाग एक आठवत गेलं. चहा ओततानाचं ते "स्स". म्हणजे भरत आलेल्या कपाच्या काठावरून आत घातलेलं बोट. समोर बसून बोलतानाही तिरका येणारा आवाज. म्हणजे त्या मान वळवून डोळ्यांच्या कडेने बघत होत्या. सकाळी पोथी उघडल्याचा आवाज येई, पण पान उलटल्याचा कधीच येत नसे. हे सगळं सुरुचीला ओळखू यायला हवं होतं, निदान तिला तरी. पुण्यात, चोविसाव्या वर्षी नजर जाऊ लागली, तेव्हा तिनेही हेच केलं होतं. ऑफिसात दिवे मंद आहेत म्हणायची, मेनूकार्ड हातात घेऊन "तू घेशील तेच" म्हणायची, जिन्याच्या पायऱ्या मनात मोजायची. दोन वर्षं तिने सख्ख्या आईला पत्ता लागू दिला नव्हता.

"आई," ती दाराजवळ येऊन म्हणाली, "ते घड्याळ मंगळवारपासून बंद आहे."

पलीकडे बांगड्या भिंतीला घासल्या. कुणीतरी हळूहळू खाली बसल्याचा आवाज आला. एक्झॉस्ट फॅन अजून चालूच होता. सुरुचीने आत जाऊन तो बंद केला आणि परत येऊन तीही दाराला पाठ लावून जमिनीवर बसली.

"मधलं दिसत नाही गं," लताबाई म्हणाल्या. "जिथे बघायला जावं, तिथेच काळं. कडेकडेचं दिसतं सगळं. तू दिसतेस, तुझं तोंड नाही दिसत."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. आधी वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. पहिली रेघ दिसते मला. ठळक असते ना ती. दिसली ती सांगितली. खोटं नाही बोलले मी." त्या थांबल्या. "दुसरी नाहीच, हे मात्र मनानेच धरलं."

"सांगायचं नाही का, आई?"

"कुणाला सांगू? यतिनला? त्याच्या घरात आधीच..." शब्द तिथेच थांबले.

"एक आंधळी आहेच," सुरुचीने वाक्य पुरं केलं.

"तसं नाही गं म्हणायचं मला!"

"तसंच आहे. आणि त्यात चूक काय? मीही असंच म्हणाले असते."

लताबाई रडत होत्या. आवाज न करता रडायची त्यांची सवय होती, पण नाक ओढल्याचं लपत नाही. "तुझ्या मदतीला म्हणून आले होते मी," त्या म्हणाल्या. "रेघ बघ म्हणालीस, तर तेवढंही..."

सुरुचीला दार उघडून त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. तिचा हात कडीवर गेलाही. मग तिने तो काढून घेतला.

"आई, रडायचं नंतर. डब्यात एक किट उरलंय. ते तुमचं."

"आणि वाचणार कोण?"

"ते मग बघू. आधी हात धुऊन या, आणि डबा आणा."

त्या आल्या, तेव्हा सुरुचीने दारामागून एकेक गोष्ट सांगायला सुरुवात केली. पाकीट कात्रीने कापू नका, कडेला खाच असते, ती नखाला लागते. काडी नाकात पाच वेळा फिरवा. नळीत घालून दहा वेळा दाबा. लताबाई दोनदा चुकल्या, एकदा नळीचं टोपण टेबलाखाली घरंगळलं आणि ते शोधताना त्यांना धाप लागली. ही नेहमीची धाप की दुसरी, हे सांगणारं यंत्र अजून कुणी काढलेलं नव्हतं.

"आता पट्टीवर गोल खळगा असेल. डोळ्यांनी शोधू नका, आई. डोळे मिटा हवं तर. करंगळीने शोधा."

"सापडला."

"करंगळी तिथेच शेजारी ठेवा. नळीचं टोक करंगळीला टेकवा आणि हळू दाबा. चार थेंब."

"एक," लताबाई म्हणाल्या. मग किती तरी वेळ काही नाही. "दोन. तीन... चार. झाले चार! कळतात गं बोटाला."

"कळतात," सुरुची म्हणाली.

पुन्हा पंधरा मिनिटं. एका दाराच्या दोन बाजूंना दोघी बसल्या होत्या. बाहेर कचऱ्याचा ट्रक डबे आपटत गेला. मॅगपाय पक्षी कुंपणावर ओरडत होता.

"चहात बोट घालता ना?" सुरुचीने विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"भाजलं की आवाज करता. माझ्याकडे एक यंत्र आहे, काठाला अडकवायचं. चहा वरपर्यंत आला की वाजतं. खालच्या ड्रॉवरमध्ये आहे, चमच्यांच्या मागे. मला आता लागत नाही, वजनावरून कळतं."

"असं यंत्रसुद्धा असतं?"

"पुष्कळ असतात."

गजर वाजला तेव्हा दोघी दचकल्या. सुरुचीने फोन सॅनिटायझरने पुसला, दार वीतभर उघडून तो बाहेर सरकवला आणि दार पुन्हा लावलं.

"काचेवर बोट फिरवा. ज्याच्यावर बोट येईल, त्याचं नाव तो सांगेल."

फोन इंग्रजीत पटपट बडबडू लागला.

"बोलतोय की हा!" लताबाई म्हणाल्या.

"मदत मागायच्या बटणाचं नाव ऐकलंत की थांबा आणि कुठेही दोनदा टिचकी मारा."

तिसऱ्या प्रयत्नात रिंग गेली. या वेळी एक बाई आली, मोकळ्या, मोठ्या आवाजाची. सुरुचीने दारामागून ओरडून इंग्रजीत सांगितलं, एक टेस्ट वाचायची आहे. मग बाईच्या सूचना ती मराठीत करून देत राहिली. फोन वर घ्या. अजून वर. थोडा उजवीकडे. बाई दोनदा म्हणाली, जरा स्थिर धरा.

"थांबा, तुम्ही दोघी आहात का?" बाईने गोंधळून विचारलं. "मी वाचतेय कुणासाठी? तुमच्यापैकी दिसत नाही ते कुणाला?"

सुरुचीने तोंड उघडलं. मला, असं सांगून टाकणं सोपं होतं. त्यात खोटंही काही नव्हतं, आणि म्हातारीची लाज राहिली असती.

"बोथ," दाराच्या पलीकडून लताबाई म्हणाल्या. मग शाळेत पाढे म्हणून घ्यावेत तशा स्पष्ट, ठाम आवाजात त्यांनी पुन्हा सांगितलं, "वुई बोथ."

"नो वरीज," बाई म्हणाली. "हात तस्साच ठेवा." सुरुचीने दाराला कपाळ टेकवलं. "एकच रेघ आहे. मी फोटो मोठा करून पाहतेय. दुसरी नाही. अगदी पुसटसुद्धा नाही."

सुरुचीने ते मराठीत सांगितलं. आजची एक रेघ म्हणजे उद्याची नव्हे, डबा रिकामा झाला होता, हे दोघींनाही कळत होतं. पण आज एक होती.

"खरं सांगतेय ना गं ती?" फोन बंद झाल्यावर लताबाईंनी विचारलं.

"ती परकी आहे, आई. ती कशाला खोटं सांगेल?"

आपण फार बोललो का, असं सुरुचीला वाटू लागलं, तोच बांगड्या वाजल्या. लताबाई उठत होत्या.

"डोळ्यांचं यतिनला मी सांगेन," त्या म्हणाल्या. "तू नको सांगूस. तुला चहा करून दाराशी ठेवते."

पावलं स्वयंपाकघराकडे निघाली. त्यांच्यासोबत भिंतीवरून सरकत गेलेल्या हाताचाही आवाज होता, आज पहिल्यांदाच इतका उघड. खालचा ड्रॉवर ओढला गेला. चमचे खणखणले, काहीतरी पडलं, पुन्हा उचललं गेलं. पाणी उकळलं, चहा ओतला जाऊ लागला. सुरुची कान देऊन, श्वास धरून बसली होती.

यंत्र वाजलं. चहा ओतायचा थांबला.